तुम्ही विचारलंत म्हणून: सॅलडचं ड्रेसिंग कुठल्या कंपनीचं?

भिशी असो नाहीतर सोसायटीतली कोजागिरी, मी तो हिरवा पाला काचेच्या भांड्यातून नेला की कोणीतरी हमखास विचारतंच, "ड्रेसिंग कुठल्या कंपनीचं हो?" कुठल्याच नाही, घरी करते, असं म्हटलं की पुढचा प्रश्न: "मग घालता तरी काय त्यात?" ऑलिव्हचं तेल, लिंबू, मीठ आणि चिमूटभर मोहरी. यावर समोरची बाई माझ्याकडे अशी बघते, जणू चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगताना मी मुद्दाम एक जिन्नस गाळलाय. गाळलेलं काही नाही. पण हे सॅलड फसतं ते ड्रेसिंगमुळे नाही, पानांवर राहिलेल्या पाण्यामुळे, आणि ते मात्र कोणी विचारत नाही.

आधी सॅलड कुठलं ते सांगते. हॉटेलात ग्रीक सॅलड म्हणून येतं त्यात टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेटा चीज असतं. ग्रीसमध्ये ते होरियातिकी, म्हणजे गावाकडचं सॅलड; मूळच्या प्रकारात लेट्यूस नसतंच. मी करते ते दुसरं, मारुलोसालाता. ते निव्वळ हिरवं. त्यात बारीक चिरलेलं रोमेन लेट्यूस, कांद्याची पात आणि, आता जरा सावरून बसा, शेपू.

शेपू म्हटल्यावर निम्मी मंडळी नाक मुरडतात हे मला माहीत आहे. आमच्याही घरी मुगाची डाळ घातलेली शेपूची भाजी केली की एक जण गुपचूप आमटी-भातावर भागवतो. पण कच्चा शेपू लिंबाबरोबर अगदी वेगळा लागतो. शिजताना घरभर सुटणारा उग्र वास इथे नसतो, मागे किंचित बडीशेपेसारखी चव राहते. फक्त कोवळं, पिसासारखं पान घ्यायचं, दांड्या नाहीत. एका मोठ्या लेट्यूसला मूठभर शेपू पुरे. आपली जुडी केवढी असते ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा उरलेल्याची भाजी करावीच लागते. त्याला माझा इलाज नाही.

खरेदीचं थोडक्यात. मंडईत इंग्लिश भाज्यांच्या गाळ्यांवर लेट्यूस मिळतं, पण बऱ्याचदा ते कोबीसारखं गोल आइसबर्ग असतं. ते कुरकुरीत खरं, चवीला पाणी. रोमेन उभट असतं, लांब पानांचं, मधली शीर जाड. थंडीत घ्या. उन्हाच्या तडाख्यात लेट्यूसला दांडा फुटायला लागतो आणि पान कडू होतं, मग वर कितीही लिंबू पिळा. रोमेन नाहीच मिळालं तर आइसबर्गमध्ये घोळ मिसळा. हो, आपली घोळाची भाजी, ताकात शिजवतो ती. ग्रीसमध्येही घोळ खातात, आणि तो कच्चाच सॅलडमध्ये पडतो. पानं जाडसर, आंबूस, दाताखाली किंचित बुळबुळीत. मी मंडईत घोळ मागितला तेव्हा मावशी म्हणाल्या, "ताई, ताकातला करणार ना?" कच्चा खाणार म्हटल्यावर त्यांनी जुडी परत घेऊन दुसरी, कोवळी दिली. म्हणजे सल्ला न देताच दिला.

आता पाणी. पानं सुटी करून मोठ्या पातेल्यात बुडवायची, हलवायची आणि वर उचलून काढायची. पातेलं चाळणीत उपडं करायचं नाही, नाहीतर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. पातेल्याच्या बुडाशी बोटाला कचकच लागेनाशी होईपर्यंत पाणी बदलत राहायचं. पाला कच्चा खायचा आहे, म्हणून शेवटचं पाणी पिण्याचं. पावसाळ्यात मी हे सॅलड करतच नाही. तेव्हाच्या पालेभाजीतला चिखल आणि अळ्या काढण्यात माझा जीव जातो.

धुतल्यावर बहुतेक जण पानं चाळणीत ठेवतात आणि निथळली म्हणतात. निथळलेलं पान कोरडं नसतं. हात फिरवून बघा, ओल लागतेच, आणि जाड शिरेच्या खोबणीत तर पाण्याची सरळ रेघ दिसते. ओल्या पानावर तेल धरत नाही, घसरून खाली जातं. लिंबू पाण्यात मिसळून पचपचीत होतं. शेवटी भांड्याच्या तळाशी आंबट तळं आणि वर बेचव पाला, आणि दोष बिचाऱ्या ड्रेसिंगला. पानं झटकायचं फिरतं यंत्र बाजारात मिळतं, पण माझ्या ओट्यावर त्याला जागा नाही. मी जुना, धुऊन मऊ झालेला पंचा घेते. त्यात पानं सैलसर भरायची, चारी टोकं मुठीत धरायची आणि बाल्कनीत उभं राहून हात गोल गरागरा फिरवायचा. भिंतीवर थेंबांची नक्षी उठते. (खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत ना, तेवढं बघून घ्या. आमच्याकडे यावरून एकदा निरोप आलाय.) थेंब उडायचे थांबले की पानं दुसऱ्या कोरड्या फडक्यावर पसरायची, फडक्यासकट हलकी गुंडाळायची आणि तशीच फ्रिजमध्ये ठेवायची. तासाभराने ती कोरडी तर असतातच, शिवाय मोडली की कट् असा आवाज येतो.

चिरणं अगदी सोपं. पानं एकावर एक रचून कोबीच्या पचडीसारखी बारीक. ज्यांचा विळीवर हात बसलाय त्यांनी विळीच घ्यावी.

आता तुमची ती बाटली. पुस्तकी प्रमाण तीन भाग तेलाला एक भाग आंबट असं असतं. पण तिकडचं पिवळं मोठं लिंबू आपल्या कागदी लिंबापेक्षा सौम्य, म्हणून मी चारास एक धरते. चार जणांच्या सॅलडला चार मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा रस, अर्धा छोटा चमचा मीठ. आधी मीठ रसात विरघळवायचं, कारण तेलात ते विरघळत नाही, दाताखाली खडे येतात. मोहरी मात्र माझी सोय आहे, ग्रीसमध्ये सगळे घालतातच असं नाही. पाव चमचा मोहरीची डाळ पाण्याच्या दोन थेंबांवर फेसायची, लोणच्याला फेसतो तशी, नाकात झणका जाईपर्यंत. तिच्यामुळे तेल आणि रस लगेच वेगळे होत नाहीत, मिश्रण दाटसर राहतं. सगळं झाकणाच्या बरणीत घालून खडखडून हलवायचं.

तेलाबद्दल मी जरा हट्टी आहे. लेबलवर एक्स्ट्रा व्हर्जिन लिहिलेलंच घ्या. पोमेस म्हणजे फळ पिळून उरलेल्या चोथ्यातून काढून शुद्ध केलेलं तेल, ते परतायला ठीक. आणि 'एक्स्ट्रा लाइट' वाचून डाएटवाल्यांनी हुरळून जाऊ नये. तिथे रंग आणि चव हलकी असते, कॅलरी तितक्याच. घाण्याचं शेंगदाण्याचं तेल चालेल का, हेही विचारतात. चालेल, छान लागेल, पण ती कोशिंबीर झाली. मग कूट आणि साखर घालायचा मोह कशाला आवरता?

कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. इथेही तेच. पानं वाढली, ताटं मांडली, माणसं बसली, मग ड्रेसिंग. तेही सगळं ओतायचं नाही. निम्मं घालून हाताने वरखाली करायचं आणि एक पान चाखायचं. प्रत्येक पान नुसतं चकचकीत दिसलं की बास. भिशीला नेताना म्हणूनच माझी बरणी वेगळी असते.

फेटा घालायचा का? हौस असेल तर थोडा कुस्करून. युरोपात 2002 पासून ते नाव ग्रीसच्या मेंढीच्या, फार तर थोडं शेळीचं मिसळलेल्या दुधाच्या चीजलाच लावता येतं. आपल्याकडे त्या नावाने गाईच्या दुधाचंही मिळतं. ते खारट असतं, म्हणून ड्रेसिंगमधलं मीठ कमी करा. पनीर नको. आणि पिझ्झाबरोबर आलेल्या त्या साठवलेल्या पुड्या तर मुळीच नकोत.

ड्रेसिंग उरलं तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. तेल थिजतं, अर्धा तास आधी बाहेर काढून पुन्हा हलवा. कालवलेलं सॅलड मात्र उरलं की मान टाकतं. मी ते दुसऱ्या दिवशी पिळून थालीपिठाच्या भाजणीत मळते; लिंबू आणि शेपू आधीच आत असतात, वरून फक्त तिखट घालावं लागतं.