पत्त्याच्या रकान्यात काय लिहू?

महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तर मी ‘रिटेलमध्ये आहे’ एवढंच सांगते. खरं म्हणजे टेक्सासमधल्या एका बंदुकांच्या दुकानात मी कागदपत्रं सांभाळते. विक्री काउंटरवरची मुलं करतात. गिऱ्हाइकानं भरलेला फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूकखरेदीचा सरकारी अर्ज, तपासायचा, त्याची माहिती एफबीआयच्या यंत्रणेला कळवून होकार घ्यायचा आणि बाउंड बुकात, म्हणजे दुकानाच्या नोंदवहीत, बंदुकांची आवक-जावक चढवायची, ही माझी कामं. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एच-वन-बी व्हिसावर बंदूक घेता येते का? शिकारीचा परवाना असेल तर येते. हे ऐकून एक शुद्ध शाकाहारी सॉफ्टवेअरवाले गृहस्थ तो परवाना काढायला निघाले होते. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

त्या शनिवारी दुकानात सत्तरीचे एक आजोबा मित्राला घेऊन आले आणि थेट जुन्या शस्त्रांच्या कपाटापाशी गेले. आत एक वेब्ली मार्क सहा होतं. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश रिव्हॉल्व्हर, फ्रेमवर १९१७ साल. अमेरिकेत आलेल्या बहुतेक वेब्लींची एक दुर्दशा झाली आहे. त्यांची मूळची .४५५ काडतुसं इथं मिळेनात, म्हणून सिलिंडरची मागची बाजू घासून त्यात इथली .४५ एसीपी काडतुसं बसवायची सोय केली गेली. घासलेलं वेब्ली संग्राहकाच्या लेखी उष्टं. शिवाय त्या काडतुसाचा दाब या जुन्या लोखंडाला झेपेलच असं नाही.

आजोबांना हे सगळं पाठ होतं. त्यांनी अंगठ्यानं कळ दाबून नळी बिजागरीवर खाली दुमडली. सिलिंडरमधली, काडतुसं बाहेर ढकलणारी चांदणी वर आली, परत खट्कन खाली बसली. बंद करून त्यांनी ते उजेडासमोर आडवं धरलं आणि सिलिंडर आणि मागची पट्टी यांच्यातली फट एक डोळा मिटून बघितली.

“घासलेलं नाही,” ते मित्राला म्हणाले. भावावरून एक शब्द नाही. किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास होती.

त्यांच्याकडे त्याच काळातलं लूगर आणि कोल्ट १९११ ही पिस्तुलं आधीपासून होती. वेब्ली राहिलं होतं. माणूस अभ्यास करून आलेला. “मॅम, मी कॅलिफोर्नियाला मुलीकडे राहायला चाललोय. तिथं पोचल्यावर ६० दिवसांत नोंद करायची, बरोबर? वाटेत न्यू मेक्सिको, ॲरिझोना. रिकामं, कुलूपबंद पेटीत, मागच्या बाजूला.” सगळं बरोबर होतं. ड्रायव्हिंग लायसन्स टेक्सासचं, मुदतीतलं. मी फॉर्म पुढे केला.

नाव लिहिलं. मग पेन थांबलं.

“इथं सध्याचा पत्ता म्हणतायत. काय लिहू? घर विकलं. गुरुवारी चाव्या दिल्या. आता मोटेलात आहे, उद्या सकाळी निघायचं.”

त्यांनी मुकाट्यानं लायसन्सवरचा पत्ता उतरवला असता तर मला काही कळलं नसतं. एफबीआयकडूनही बहुधा होकारच आला असता. पण त्यांनी विचारलं आणि मी ऐकलं. मागं उभे असलेले आमचे मालक उगाच खाकरले. त्या खाकरण्याचा अर्थ मला समजतो. दीड हजारांचं गिऱ्हाईक होतं. पण एटीएफचे, म्हणजे बंदुकांच्या दुकानांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचे, तपासनीस आले की ते फॉर्म उघडतात, खाकरणं नाही.

दुकानदारानं हॅंडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, आपल्याच राज्यातल्या रहिवाशाला द्यायची, हा १९६८ चा केंद्रीय कायदा. केनेडींवर झाडलेली रायफल टपालानं मागवलेली होती, त्यानंतरच्या वर्षांत हे सगळं आवळलं गेलं. आता रहिवासी म्हणजे कोण? जो त्या राज्यात हजर आहे आणि तिथं घर करून राहायचा ज्याचा इरादा आहे तो. आजोबा टेक्सासात हजर होते, पण इरादा संपला होता. कॅलिफोर्नियाचा इरादा पक्का होता, पण तिथं ते अजून पोचलेच नव्हते. त्या शनिवारपुरते ते कुठल्याच राज्याचे नव्हते. बुधवारी आले असते तर अर्ध्या तासात रिव्हॉल्व्हर घेऊन गेले असते.

माझे वडील बदलीच्या नोकरीतले. आम्ही कराडात आणि रेशनकार्ड मिरजेत, असं कितीतरी महिने चालायचं. त्यामुळे मला आजोबांचा राग येणं शक्यच नव्हतं. आला असेल तर त्या रकान्याचा.

संग्राहकाचा परवाना आहे का, हे विचारून पाहिलं. ३० डॉलरमध्ये तीन वर्षांचा मिळतो, आणि पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली शस्त्रं त्यावर दुसऱ्या राज्यातूनही घेता येतात. त्यांनी तो कधी काढलाच नव्हता. असता तरी तोही पत्त्यालाच बांधलेला. गंमत अशी, की हेच रिव्हॉल्व्हर १८९८ मधलं किंवा त्याआधीचं असतं तर केंद्रीय कायद्याच्या लेखी ते शस्त्रच नव्हे, मग फॉर्मही नाही. एकोणीस वर्षांनी हुकलं.

तेवढ्यात मित्र पुढे झाला. “त्यात काय एवढं? माझं घर इथंच आहे. मी घेतो, पैसे हा देईल.”

काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. फॉर्मवर पहिलाच महत्त्वाचा प्रश्न आहे: खरे खरेदीदार तुम्हीच का? दुसऱ्याच्या पैशानं, दुसऱ्यासाठी घेऊन ‘हो’ लिहिणं हा गुन्हा, मग तो दुसरा कितीही सज्जन असो. अब्राम्स्की खटल्यात हेच झालं होतं. पुतण्यानं परराज्यातल्या काकांसाठी पिस्तूल घेतलं, काकांनाही ते घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती, तरी २०१४ साली सुप्रीम कोर्टानं शिक्षा कायम ठेवली. तो दुसरा कायद्यानं बंदूक बाळगू न शकणारा असेल तर २०२२ पासून अशा खरेदीला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी मित्राला म्हटलं, “साहेब, हे वाक्य तुम्ही माझ्यासमोर बोललात. आता हे रिव्हॉल्व्हर तुम्हालाही देता येणार नाही.”

तो चिडला. आजोबा नाही चिडले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, “मग रस्ता काय?”

रस्ता होता. पैसे इथं भरायचे, रिव्हॉल्व्हर आम्ही कॅलिफोर्नियातल्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवायचं. त्याआधी तिथल्या न्याय विभागाकडून पाठवणीचा मंजुरी क्रमांक घ्यायचा. आजोबांनी तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढायचं, बंदूक-सुरक्षेची लेखी परीक्षा द्यायची, त्या दुकानात नव्यानं अर्ज भरायचा आणि दहा दिवस थांबायचं.

“लेखी परीक्षा?” ते हसले. “लूगर तुमच्या जन्माआधीपासून आहे माझ्याकडे.”

बाउंड बुकात जावकच्या बाजूला मी त्यांचं नाव नाही, त्या दुकानाचा परवाना क्रमांक लिहिला.

पुढे त्यांचा फोन आला. परीक्षा पास झाले होते, लायसन्सही आलं होतं, पण हॅंडगनसाठी रहिवासाचा वेगळा पुरावा हवा होता. विजेचं बिल जावयाच्या नावावर, घर मुलीच्या. भाडेकरार करायला मुलगी तयार नव्हती. बापाकडून भाडं घेतलं म्हणून लोक काय म्हणतील! मी विचारलं, पिकअपची नोंदणी तिकडे केली का? कॅलिफोर्नियात नव्यानं राहायला आलेल्याला ती २० दिवसांत करावी लागते. केली होती, त्यावर नवा पत्ताही होता. तिथल्या दुकानदारानं तो कागद चालवून घेतला.