थोडंसं दिलं तर काय होतंय

दिवाळीत घरी कुत्रा असला की सगळे सांगतात त्याच्यावर लक्ष ठेव, मला विचाराल तर लक्ष पाहुण्यांवर ठेवायला पाहिजे. आमचा बंड्या लॅब्राडोर आहे, म्हणजे पुढे केलेलं सगळं तो खाणारच, लॅबचं पोट भरतं ही निव्वळ अफवा आहे. पण पुढे करणारा हात कोणाचा असतो? कुठल्यातरी काकांचा नाहीतर मावशीचा. "अगं थोडंसं दिलं तर काय होतंय, सणाचा दिवस, मुकं जनावर, बघ कसं बघतंय." आणि वर, आमच्या गावचा मोत्या आयुष्यभर सगळं खायचा. आता मोठ्यांशी वाद कोण घालणार (मोत्याला ड्रायफ्रूटचा बॉक्स कोण देत होतं, हे मी मनातल्या मनात).

तो बॉक्स मात्र खरंच डोक्याला ताप आहे. चार खणांचा, बरोबर टीपॉयवर म्हणजे बंड्याच्या नाकाच्या उंचीवर, आणि त्यातल्या एका खणात मनुका. मनुका, बेदाणे, द्राक्षं यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि किती खाल्ल्यावर होईल याचा काही हिशोबच लागत नाही, एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि एखाद्याला थोड्याशांनीही होतं. त्यामुळे रव्याच्या लाडवावर हौसेने बेदाणा चिकटवतो ना आपण, तो लाडू नाहीच द्यायचा.

चिवड्याचं तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. त्यात तळलेला कांदा असतो, लसूण असतो, आणि तळला म्हणून कांद्याचा त्रास जात नाही, उलट वाळलेला कांदा जास्त जड पडतो. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. आणि वैताग म्हणजे लगेच काही दिसत नाही, चार-पाच दिवसांनी कुत्रा मलूल पडतो, हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी लालसर, आणि तोवर चिवडा खाल्लेला कोणाला आठवतही नसतो.

भाऊबीजेला मटण असलं की पुढचा सीन ठरलेला, नळी चोखून झाली की ती टेबलाखाली. कुत्र्याला हाड नाही द्यायचं तर काय द्यायचं असं विचारतात लोक, पण शिजलेलं हाड टोकदार तुकडे होऊन फुटतं, घशात अडकतं नाहीतर आतडं फाडतं. हाड काढून नुसतं मटण दिलं तरी वाटणात कांदा-लसूण आहेच की. शिवाय तेलकट-तुपकट एकदम जास्त गेलं की स्वादुपिंडाला सूज येते, दिवाळीनंतर उलट्या आणि पोटदुखी घेऊन येणाऱ्या कुत्र्यांमागे हे पण एक कारण असतं.

आमच्याकडे आता सोपा नियम आहे, लाड करायचे तर बंड्याच्या डब्यातून करा. डबा टीव्हीशेजारी ठेवलेला असतो, त्यात बिनमिठाचं उकडलेलं चिकन आणि लाल भोपळ्याच्या फोडी, ज्याला प्रेम उतू जातंय त्याने त्यातलं द्यावं. काकांचं समाधान होतं, बंड्याचं तर होतंच. पाहुण्यांच्या पर्सेस मात्र सरळ आतल्या खोलीत कपाटावर ठेवते, कारण त्यात बीपीच्या गोळ्या असतात आणि शुगरफ्री च्युइंगगम असतं, त्या गममध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असेल तर त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासातही धाडकन खाली येऊ शकते.

आणि दार! दिवाळीत आमच्या मजल्यावर कोणाचंच दार बंद नसतं, फराळाची ताटं इकडून तिकडे चालू असतात, तेवढ्यात खाली सुतळी बॉम्ब वाजला की घाबरलेला कुत्रा जिना उतरून कुठे पळेल सांगता येत नाही. म्हणून गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, आणि संध्याकाळी आतली खोली, खिडक्या बंद, पंखा फुल, टीव्ही चालू. त्याची शेपटी पणत्यांपासून लांब राहते हा वरचा फायदा.

एवढं करूनही काहीतरी खाल्लंच तर घरच्या घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, ते मीठच अंगाशी येतं. लक्षणं दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावायचा (दिवाळीत कोणाचा दवाखाना उघडा आहे ते वसुबारसेलाच विचारून ठेवा), काय खाल्लं, साधारण किती, कधी आणि कुत्र्याचं वजन एवढं सांगायचं. चॉकलेट असेल तर रॅपर कचऱ्यातून काढून सोबत न्या, जितकं डार्क तितकं वाईट असतं आणि किती टक्के ते त्यावरच लिहिलेलं असतं.