सावली जाते तो दिवस

मे महिना उजाडला की माझं लक्ष आपोआप कॅलेंडरच्या पहिल्या आठवड्याकडं जातं. बेळगावात चार मेच्या आसपास, दुपारी साडेबाराला मिनिटभर कमी असताना, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली शिरते. आमच्या विज्ञान मंडळाचा हा वर्षाचा सण. दिवाळीला मी दोनदा घरी नव्हतो, पण या दिवसाला शाळकरी वयात कधी चुकलो नाही.

मंडळ म्हणजे पाटी, कार्यालय, शिपाई असलं काही नव्हतं. शहापुरातल्या एका मराठी शाळेची खोली शनिवारी संध्याकाळी उघडून मिळायची, तेच आमचं ठिकाण. सर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याभोवती दोन शिक्षक, एक पोस्टमन, वडगावातले दोन मागवाले, एक गवंडीकाका, एक कंपाउंडर आणि आम्ही आठ-दहा पोरं. मागवाल्या काकांना गणित आवडायचं. रंगीत धाग्यांची नक्षी मोजून मोजून त्यांच्या हाताला जो हिशेब आला होता, तो आमच्यापैकी कुणाला वहीत जमत नसे.

त्या दिवशी दहा वाजल्यापासून मैदानावर जमायचं. गवंडीकाका पाणसळ आणि ओळंबा घेऊन यायचे. आधी एक लाकडी फळी जमिनीवर ठेवून खाली खापरीचे तुकडे सरकवत पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधे आणायचा. मग त्या फळीवर हातभर लांबीचा पाईप उभा करायचा आणि चारी बाजूंनी ओळंबा लावून बघायचा. हे सगळं व्हायला पाऊण तास लागे. आम्ही पोरं कंटाळायचो, पण काका ढिम्म हलायचे नाहीत. "पाईप वाकडा असला तर सावली खोटं बोलत्या, पोरांनो," म्हणायचे. घराची भिंत उभी करताना ज्या नजरेनं ते बघत असतील, तीच नजर त्या पाईपावर असायची.

मग दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूचा ठिपका. सकाळची लांबडी सावली आखडत आखडत यायची, ठिपके जवळ जवळ पडायला लागायचे. सव्वाबारानंतर सगळे गप्प होत. आणि मग ती जायची. तशी ती एकदम नाहीशी होत नाही. सूर्य म्हणजे काही टिंब नव्हे, आकाशात त्याचा व्यास अर्धा अंश भरतो, त्यामुळं पाईपाच्या बुडाशी पुसट कड राहते. पण तेवढ्यात मागवाले काका घरून आणलेलं खोल तपेलं उन्हात ठेवायचे. एरवी त्याच्या तळाला काठाची सावली पडलेली असते, त्या क्षणी मात्र तळ कडेपासून कडेपर्यंत लख्ख. शाळेच्या मागं जुनी विहीर होती, तिच्याकडं धावायचं. वर्षभर काळोखात असलेलं खालचं पाणी उन्हानं उजळलेलं असायचं आणि त्यात रहाटाची आडवी सावली अगदी मधोमध. तिथंच कठड्याशी उभं राहून सर इरॅटोस्थेनिसची गोष्ट सांगायचे. २२०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये सायीनी गावी, म्हणजे आजच्या आस्वानला, असंच विहिरीत ऊन पडलं, त्याच दुपारी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती, आणि त्या सात अंशांच्या फरकावरून त्यानं सगळ्या पृथ्वीचा घेर काढला. गोष्ट दरवर्षी तीच, पण ती विहीर समोर असल्यानं दरवर्षी नवी वाटायची.

एका वर्षी शाळेच्या फाटकाशी भाजीची बुट्टी घेऊन बसणारी आजी आमचा गलका ऐकून आत आली. "काय बघायल्यासा रे?" सरांनी तिला उन्हात सरळ उभं केलं. तिनं पायाशी बघितलं, मागं वळून बघितलं, हात वर करून बघितलं आणि ओरडली, "अय्यो, नेरळु इल्ला!" कानडीत नेरळु म्हणजे सावली, इल्ला म्हणजे नाही. त्या वर्षापासून आम्हा पोरांची ती आरोळीच झाली. साडेबारा वाजत आले की सगळे एका सुरात, "नेरळु इल्ला!"

तारखेचं गणित मला सरांनी नकाशावर बोट सरकवत शिकवलं. मेच्या सुरुवातीला सूर्य रोज साधारण तीस किलोमीटर उत्तरेकडं सरकतो. म्हणून खानापूरची सावली आमच्या आदल्या दिवशी जाते, निपाणीची दोन दिवसांनी, कोल्हापूरची तीन दिवसांनी. माझी आत्या खानापूरला होती. तिनं अंगणात मुसळ उभं करून बघितलं आणि संध्याकाळी फोन केला, "आमची आज गेली बरं का, तुमची उद्या जाणार." त्या दिवशी मला पृथ्वी गोल असल्याचं खरं पटलं. पुस्तकात ते चौथीपासून होतं. पण आत्याच्या मुसळाची सावली आणि आमच्या पाईपाची सावली यांत एका दिवसाचं अंतर आहे, हे कळलं तेव्हा जमिनीचा उतार पायाखाली लागल्यासारखं झालं.

ऑगस्टच्या आठ-नऊ तारखेला सूर्य परत दक्षिणेकडं येताना सावली पुन्हा जाते. बेळगावच्या पावसात ती आम्हाला एकदाही दिसली नाही. ८ जून २००४ ला शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता, त्या दिवशीही ढगच. तेव्हा रडू आलं होतं, हे लिहायला मला काही वाटत नाही.

पावसाळ्याच्या शेवटी सहल असायची, बहुतेक वेळा गोकाकला. लाल बसनं जायचं, भाकरी-चटणी बांधून. घटप्रभा तिथं साधारण ५२ मीटर खाली कोसळते, आणि नदी भरलेली असली की पाण्याचा रंग मातकट तांबडा होतो. १८८७ साली याच पडत्या पाण्याच्या जोरावर तिथली सूतगिरणी सुरू झाली. आमचे मागवाले काका त्या गिरणीकडं देवळाकडं बघावं तसं बघत. पण सरांचं लक्ष पाण्यापेक्षा दगडावर. काठावरच्या एका फरशीसारख्या खडकापाशी त्यांनी मला बसवलं आणि म्हणाले, "डोळे मिट, हात फिरव." बोटांना बारीक बारीक वळ्या लागल्या, पत्र्याच्या छपरासारख्या, एकीशेजारी एक. त्या वळ्यांच्या खाचांत माझी बोटं बरोबर बसत होती. "काय आहे?" मला सांगता येईना. "उथळ पाण्यातल्या वाळूवर लाटांनी काढलेली नक्षी," सर म्हणाले. "ती वाळू पुढं दगड झाली. तू जिथं बसलायस तिथं कधीतरी पाणी हलत होतं." आमच्याकडचा काळा पत्थर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, आणि गोकाकचा हा वालुकाश्म त्याच्याहूनही कितीतरी जुना. बेळगावहून साठ-पासष्ट किलोमीटरच्या प्रवासात आपण एका खडकावरून दुसऱ्या खडकावर जातो, हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. परतताना प्रत्येकाच्या पिशवीत करदंट या मिठाईची पुडी आणि एखादा दगड असायचाच. घरी करदंट संपायचं, दगड मात्र खिडकीत राहायचा. माझा अजून आहे.

डिसेंबरात येळ्ळूरच्या राजहंसगडावर उल्का मोजायला जायचो, १४ तारखेच्या आसपासच्या मिथुन राशीतल्या. कांबळी पांघरून आडवं पडायचं आणि दिसली की ओरडायचं, कंपाउंडर काका बॅटरीला लाल कागद लावून वहीत काटे मारायचे.

व्याख्यानं वर्षभर चालत, पण मोठं व्याख्यान २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला. १९२८ साली त्या तारखेला रामन यांना आपला शोध लागला होता. पाहुणे कधी कोल्हापूरचे, कधी धारवाडचे. आमच्या भागात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात, कडोली, उचगाव, बेळगुंदी. तिथं हजारोंनी माणसं मांडवात बसून भाषण ऐकतात. त्यामुळं ऐकायची सवय आमच्या लोकांना आहेच. विज्ञानाच्या व्याख्यानाला शंभर-सव्वाशे जण यायचे आणि मला तेवढेही खूप वाटायचे. धारवाडचे पाहुणे कानडीत बोलायचे, सर मधे मधे मराठीत सांगायचे. ग्रहण, नक्षत्र, विज्ञान हे शब्द दोन्हीकडं तेच, त्यामुळं सरांचं निम्मं काम हलकं व्हायचं. ही भाषांतराची पद्धत किती मोलाची होती, ते आज जास्त जाणवतं. आपल्या भाषेत समजावून घ्यायचा हक्क धरून ठेवायचा आणि दुसऱ्याच्या भाषेतून आलेलं ज्ञानही सोडायचं नाही, असं ते वागत होते.

एका व्याख्यानात वटवाघळांचा विषय होता. पडद्यावर मोठ्या कानांचं, मोकळ्या शेपटीचं एक वटवाघूळ आलं आणि वक्त्यांनी सांगितलं की १९१३ साली याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि पुढं कित्येक वर्षं जगात ते फक्त एकाच ठिकाणी माहीत होतं. भीमगडच्या जंगलात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत. सभागृहात कुजबुज सुरू झाली. खानापूर तालुका म्हणजे निम्म्या लोकांचं आजोळ! नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं, पण त्या रात्री त्याचं कुणाला काही नव्हतं. मागच्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, "तळेवाडीचा हाय मी. पाखोळ्या हैत तिथं, ठाऊक हाय. पण ह्या अशा मोठ्या हैत, हे आज कळलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आजोबा रुमालानं डोळे पुसत बसले. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं, तेव्हा मला त्या आजोबांचीच आठवण झाली.

सरांना हे वेड कुठून लागलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवारकडून हुबळीवरून रायचूरकडं गेला. बेळगाव त्या पट्ट्याच्या बाहेर. घरच्यांनी दारं-खिडक्या लावून घेतली होती, आणि सर सकाळीच हुबळीची बस धरून गेले. दुपारी साडेतीननंतर दोन-अडीच मिनिटं अंधार झाला, पाखरं झाडांवर परतली आणि काळ्या बिंबाभोवती पांढरं तेज फुललं. "रस्त्यावर कुणीच नव्हतं रे," सर म्हणाले. "एवढं मोठं काहीतरी वर चाललंय आणि बघायला मी एकटा. मला ते फार वाईट वाटलं." परत आल्यावर वर्षाच्या आत त्यांनी मंडळ सुरू केलं.

आता मैदानाचं काम आम्ही बघतो. गवंडीकाका गेले, त्यांचा ओळंबा त्यांच्या मुलानं मंडळाला दिला. भाजीवाल्या आजीची नात आता फळीवर ठिपके काढते. सर नव्वदीला टेकलेत आणि लेकीकडं निपाणीला असतात. उन्हात उभं राहवत नाही, म्हणून लेक त्यांची खुर्ची ओसरीत आणते आणि अंगणात एक काठी रोवून देते. यंदा आमची सावली गेली, आरोळी झाली, सगळे जेवून घरी गेले. दोन दिवसांनी दुपारी कामात असताना फोन वाजला. घड्याळात साडेबाराच होत होते. मी "हॅलो" म्हणायच्या आतच पलीकडून सरांचा थकलेला आवाज आला.

"गेली बघ रे. आत्ता गेली."