आधी गॅलियम, मग ल्युटेशियम

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हे नाव आपल्याकडे सर्वसामान्यांच्या कानावर पडले ते मार्च २०१८मध्ये, अभिनेते इरफान खान यांनी आपला आजार जाहीर केला तेव्हा. या गाठी आतडे, स्वादुपिंड, फुप्फुस अशा अनेक ठिकाणी होतात, पुष्कळदा वर्षानुवर्षे संथपणे वाढतात, आणि त्यांतल्या काही गाठी रक्तात संप्रेरके सोडत असल्याने चेहरा लाल होणे, वारंवार जुलाब होणे अशी लक्षणे दिसतात, जी पोटाच्या साध्या तक्रारी समजून दुर्लक्षिली जातात. मी या विषयाकडे वळलो तो रसायनशास्त्राच्या बाजूने. एकाच छोट्या पेप्टाइडला, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहानशा साखळीला, गॅलियम हा धातू जोडला तर गाठ कुठे आहे ते दिसते, आणि ल्युटेशियम हा दुसरा धातू जोडला तर त्याच गाठीवर उपचार होतो, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. उपचाराच्या यशाचे निम्मे श्रेय मी आधी काढलेल्या चित्राला देतो, आणि ते का, हेच येथे लिहायचे आहे.

मुळाशी आहे सोमॅटोस्टॅटिन. कॅलिफोर्नियातील साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळेने मेंढीच्या मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून १९७३मध्ये वेगळे केलेले हे चौदा अमिनो आम्लांचे संप्रेरक इतर संप्रेरकांच्या स्रवणाला आवर घालते. पेशीवर त्याचे पाच प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ते जिथे चिकटते त्या जागा, असतात, आणि न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर त्यांतला दुसऱ्या प्रकारचा ग्राहक बहुधा मोठ्या संख्येने आढळतो. अडचण अशी, की नैसर्गिक सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. बाझेलच्या सँडोझ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्राहकाला चिकटणारा गाभा तेवढा राखून आठ अमिनो आम्लांचे ऑक्ट्रिओटाइड घडवले, आणि तोच काळ दीड तासाच्या आसपास गेला. लक्षणांवरचे औषध म्हणून ते आजही वापरात आहे.

या पेप्टाइडला किरणोत्सारी अणू जोडून गाठ पाहण्याची कल्पना नेदरलँड्समधील रॉटरडॅमला एरिक क्रेनिंग आणि स्टीव्हन लॅम्बर्ट्स यांच्या गटाने १९८९मध्ये प्रत्यक्षात आणली. पहिला प्रयोग आयोडीन-१२३चा होता. ते पेप्टाइड यकृतातून आतड्यात उतरत असल्याने पोटाचे चित्र झाकोळून जाई, आणि या आजारात नेमके पोटच नीट दिसायला हवे असते. त्यामुळे इंडियम-१११ आले. ते मूत्रपिंडावाटे बाहेर जाते, त्यामुळे पोट पुष्कळ मोकळे दिसू लागले, आणि १९९४मध्ये अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. पुढची पायरी होती धातू घट्ट धरून ठेवणाऱ्या डोटा या वलयाकार रेणूची. डोटा एका बाजूने पेप्टाइडला बांधलेला असतो आणि मधल्या पोकळीत गॅलियम, इट्रियम किंवा ल्युटेशियम बसते. सोबत पेप्टाइडमध्येही दोन किरकोळ वाटणारे बदल झाले: तिसऱ्या स्थानावर फेनिलअॅलॅनिनऐवजी टायरोसिन, आणि शेवटी थ्रिओनिनॉलऐवजी थ्रिओनिन. एवढ्यावर दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकाशी असलेली ओढ कितीतरी पटींनी वाढली. हाच डोटाटेट.

रुग्णालयात ज्याला सरसकट ‘डोटा स्कॅन’ म्हणतात, तो बहुधा गॅलियम-६८चा पेट स्कॅन असतो. गॅलियम-६८चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, जेमतेम ६८ मिनिटे. ते दुसऱ्या शहरातून मागवून चालत नाही. पण ज्या जर्मेनियम-६८पासून ते तयार होते, त्याचे अर्धायुष्य सुमारे २७१ दिवस आहे, म्हणून जर्मेनियमचा जनरेटर रुग्णालयाच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्ये हाताळण्याच्या खोलीत, ठेवून त्यातून हवे तेव्हा गॅलियम काढून घेता येते. इंजेक्शननंतर साधारण तासाभरात चित्र घेतले जाते. पेप्टाइड लहान असल्यामुळे गाठीत जे अडकले ते राहते आणि उरलेले झपाट्याने लघवीवाटे निघून जाते, म्हणून एवढ्या अल्पायुषी अणूवर काम भागते. प्रतिपिंडासारखा मोठा रेणू असता, तर तो रक्तात कित्येक दिवस फिरत राहिला असता आणि गॅलियम केव्हाच संपून गेले असते.

चित्र वाचणे मात्र तितके सरळ नाही. प्लीहा, मूत्रपिंडे, अधिवृक्क ग्रंथी, पिट्युटरी हे अवयव निरोगी माणसातही उजळलेले दिसतात. स्वादुपिंडाच्या शिरोभागातील एक कोपरा बऱ्याच जणांत उगाचच चमकतो, आणि स्वादुपिंडात दडलेला प्लीहेचा एखादा तुकडा हुबेहूब गाठीसारखा दिसू शकतो. उपचारासाठी निकष आहे तो तुलनेचा: गाठीतली चमक यकृतापेक्षा जास्त असली पाहिजे. गाठ पेशींच्या वाढीच्या दृष्टीने जितकी आक्रमक, तितकी हे ग्राहक गमावून बसण्याची शक्यता अधिक, आणि तेव्हा साखर भराभर वापरणाऱ्या पेशी दाखवणारा एफडीजी स्कॅन उजळतो पण डोटा स्कॅन फिका पडतो. अशा रुग्णाला ल्युटेशियम देणे म्हणजे अस्थिमज्जेला आणि मूत्रपिंडांना किरणे देऊन गाठ मोकळी सोडणे. दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून पाहण्याचा आग्रह धरणारे डॉक्टर मला म्हणूनच अधिक भरवशाचे वाटतात, खर्च वाढला तरी.

आता धातू बदलूया. ल्युटेशियम-१७७चे अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडे अधिक आहे. त्याचे बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, ऊतीत जास्तीत जास्त दोन मिलिमीटरच्या आसपास जातात, तर आधी वापरात असलेल्या इट्रियम-९०चे सुमारे अकरा मिलिमीटरपर्यंत. शिवाय ल्युटेशियम थोडे गॅमा किरणही देते, त्यामुळे उपचारानंतर औषध खरोखर गाठीत पोहोचले का, ते पुन्हा कॅमेऱ्याखाली तपासता येते. डोटाटेट ग्राहकाला चिकटल्यावर पेशी त्याला आत ओढून घेते आणि ल्युटेशियम तिथेच क्षय पावत राहते.

मुंबईकरांना या कथेचा एक भाग अगदी जवळचा आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव अणुभट्टीत, जी १९८५मध्ये प्रथम चालू झाली, समृद्ध केलेल्या ल्युटेशियम-१७६वर न्यूट्रॉनचा मारा करून ल्युटेशियम-१७७ तयार केले जाते, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, जे त्याच केंद्राचा भाग आहे, ते रुग्णांना दिले जाते. हा मार्ग तुलनेने सोपा आणि स्वस्त आहे. त्याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते: न बदललेले ल्युटेशियमचे अणूही डोटाच्या पोकळ्या अडवतात, त्यामुळे पेप्टाइड अधिक लागते, आणि सोबत ल्युटेशियम-१७७एम ही सुमारे १६० दिवस अर्धायुष्याची भेसळ अल्प प्रमाणात येते, जिच्यामुळे टाकाऊ द्रव्याची विल्हेवाट किचकट होते. इटर्बियमपासून काढलेले शुद्ध ल्युटेशियम हे दोष टाळते, पण महाग पडते. आयात औषधाच्या किमती पाहिल्या, की थोडी किचकट विल्हेवाट पत्करून घरचे ल्युटेशियम वापरण्याचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

ठरलेल्या पद्धतीत आठ आठवड्यांच्या अंतराने चार वेळा, प्रत्येक वेळी ७.४ गिगाबेकेरल, म्हणजे २०० मिलीक्युरी डोस शिरेतून देतात. त्या दिवशी रुग्णाला सर्वाधिक त्रास होतो तो बहुधा किरणांचा नसून लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या सलाईनचा. मूत्रपिंडाच्या नलिका पेप्टाइड परत शोषून घेतात आणि किरणे तिथेच साचतात. ही अमिनो आम्ले ते शोषण अडवून मूत्रपिंडांना मिळणारी मात्रा जवळजवळ निम्म्यावर आणतात. तासन्‌तास चालणाऱ्या त्या सलाईनने मळमळ होते, पण ते टाळून चालत नाही.

फायदा किती? मध्य-आतड्याच्या पसरलेल्या गाठींच्या २२९ रुग्णांवरील नेटर-१ चाचणीचे निष्कर्ष २०१७मध्ये प्रसिद्ध झाले. वीस महिन्यांनी आजार न वाढता राहिलेल्यांचे अंदाजित प्रमाण ल्युटेशियम गटात ६५.२ टक्के होते, तर केवळ वाढीव मात्रेतील ऑक्ट्रिओटाइड घेणाऱ्यांत १०.८ टक्के. ल्युटेशियम गटातही गाठी ठळकपणे आक्रसल्या मात्र १८ टक्के रुग्णांत. एकूण आयुर्मानाचा अंतिम हिशेब ४८ विरुद्ध ३६.३ महिने असा निघाला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक निर्णायक ठरला नाही. हे आकडे नीट वाचले पाहिजेत. आजार थोपवून धरणारा हा उपचार आहे. गाठ नाहीशी होईल अशी आशा रुग्णाला दाखवणे अन्यायाचे ठरेल. थोड्या रुग्णांत पुढे अस्थिमज्जेचे गंभीर आजार उद्भवतात, हेही आधी सांगायला हवे.

संशोधन पुढे दोन वाटांनी चालले आहे. एक अल्फा कणांची: अॅक्टिनियम-२२५ लावलेले डोटाटेट दिल्लीच्या एम्समध्ये ल्युटेशियमला दाद न देणाऱ्या रुग्णांवरही वापरले गेले आहे. दुसरी वाट मला अधिक कोड्यात टाकणारी वाटते. ग्राहकाला चिकटून त्याला कार्यान्वित न करणारी, आणि म्हणून पेशीच्या आत फारशी न जाणारी पेप्टाइडे निरुपयोगी ठरतील, असेच सगळ्यांना वाटत होते. पण २००६मध्ये असे दिसले, की ती ग्राहकाच्या कितीतरी अधिक जागा पकडतात आणि गाठीत जास्त साचतात. पुढे न्यूयॉर्कमधील एका छोट्या चाचणीत अशाच पेप्टाइडला ल्युटेशियम लावून दिले, तेव्हा काही रुग्णांच्या रक्तपेशी इतक्या घटल्या, की मात्रेचा आराखडा बदलावा लागला.