शेजारी ठेवलेली किल्ली

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आज अकरा किल्ल्या आहेत. प्रत्येकीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आहे आणि त्यावर इमारतीचे नाव, मजला आणि दाराची काही खोड असेल तर तीही लिहिलेली आहे. ‘कडी वर उचलून मग फिरवावी’, ‘वरचे कुलूप बिघडले आहे, फक्त खालचे लावावे’, अशा सूचना आहेत. गेली अठरा वर्षे मी एकाच उपनगरात घरांच्या खरेदी-विक्रीची आणि भाड्याची दलाली करतो. इस्टेट एजंट ही पाटीवरची पदवी झाली. लोक पाठीमागे दलालच म्हणतात आणि त्यात खोटे काही नाही.

या धंद्याची एक गंमत अशी की, कोणीतरी जाणार असेल आणि त्याच्या जागी दुसरे कोणी येणार असेल तरच मला चार पैसे मिळतात. ज्या गल्लीतून वर्षानुवर्षे कोणी हलत नाही, जिथे मुले मोठी होऊन त्याच घरांमध्ये म्हातारी होण्याच्या बेतात असतात, ती गल्ली माझ्या वहीत कोरी असते. आणि खरे सांगायचे तर राहण्यासाठी चांगली गल्ली तीच असते. म्हणजे मी रोज जे विकतो त्यातले सर्वांत मोलाचे असे जे असते, ते माझ्या दुकानात सहसा येतच नाही.

घर पाहायला आलेली पार्टी काय विचारते ते आता मला पाठ झाले आहे. क्षेत्रफळ किती, ऊन कुठून येते, गाडी कुठे लावायची, स्थानक किती मिनिटांवर आहे. काहीजण मोजपट्टी घेऊनच येतात आणि जुने कपाट कोपऱ्यात बसेल की नाही हे दोनदा मोजून पाहतात. शेजाऱ्यांविषयीचा प्रश्न निघतो तो बहुधा निघताना, जिन्यात, चप्पल घालता घालता: “शेजार कसा आहे?” पूर्वी मी सगळ्यांना “चांगला आहे” असे एकच उत्तर देत असे. त्या उत्तरात माहिती शून्य होती, पण ते ऐकून कोणाचाही व्यवहार कधी मोडला नाही. या प्रश्नाची दुसरीही एक तऱ्हा असते. “इथे कोणत्या प्रकारची माणसं राहतात?” असे विचारणाऱ्याला कधीकधी माणसांचा स्वभाव नव्हे तर त्यांची जात, धर्म किंवा वर्ण जाणून घ्यायचा असतो. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश किंवा धर्म पाहून घर नाकारायला बंदी घातली, आणि गिऱ्हाइकाला वंशाच्या आधारे अमुक वस्तीकडे वळवणे किंवा तमुक वस्तीपासून दूर ठेवणे हेही तिथे एजंटासाठी बेकायदा आहे. कायदा काहीही असो, या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. मला ऐकू कमी येते असे समजून लोक तो सोडून देतात.

पण पहिल्या अर्थाने विचारलेला प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर माणसांच्या स्वभावाइतकेच दारांच्या मांडणीतही असते, हे मला उशिरा कळले. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तीन समाजमानसशास्त्रज्ञांनी महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत एक पाहणी केली आणि ती १९५० साली प्रसिद्ध झाली. वेस्टगेट वेस्ट नावाच्या त्या वसाहतीत दुमजली इमारती होत्या आणि कोणाला कोणते घर मिळेल हे त्याच्या आवडीवर ठरत नव्हते, त्यामुळे मित्र पाहून कोणी घर निवडले असे म्हणायला जागा नव्हती. तुमची ऊठबस कोणाकोणाशी असते असे रहिवाशांना विचारल्यावर, एकाच मजल्यावर लगतच्या दारी राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के जणांची नावे सांगितली गेली, एक दार सोडून राहणाऱ्यांपैकी २२ टक्के जणांची, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी अवघी १० टक्के जणांची. तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी ज्यांचे दार होते त्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र अधिक मिळाले होते. आठ-दहा पावलांचा हा फरक वाचल्यावर मी माझ्या ओळखीच्या इमारती मनातल्या मनात पुन्हा चढून पाहिल्या. जिन्यालगतचे घर विकायला मला नेहमी वेळ लागतो, कारण येण्याजाण्याचा आवाज होतो अशी प्रत्येकाची तक्रार असते. आणि इमारतीत कोण आजारी आहे, कोणाचा पाहुणा घर शोधत फिरतो आहे, कोणाचे टपाल परत जाणार आहे, हे विचारायचे झाले तर मी त्याच घराची घंटा वाजवतो. आवाजाची तक्रार खोटी नाही. पण तो आवाज ज्यांच्या पावलांचा असतो त्यांच्याशीच पुढे ओळख होते, हे घर पाहायच्या दिवशी कोणाला दाखवता येत नाही.

हे मी आज शहाण्यासारखे लिहितो आहे, पण एका कुटुंबाचे मी जे केले ते इथे सांगायला हवे. पाच-सहा वर्षांपूर्वी एका आतल्या गल्लीतले तळमजल्याचे घर मी त्यांना सकाळी अकराच्या सुमारास दाखवले. त्या वेळी गल्लीत झाडांची सावली, एक झोपलेला कुत्रा आणि सायकल शिकणारी एक मुलगी एवढेच होते. त्यांनी दोन भेटींतच होकार दिला. दोन्ही भेटी मी सकाळीच ठरवल्या होत्या आणि त्या तशा का ठरवल्या हे मला माहीत होते: संध्याकाळी साडेपाचनंतर मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवणाऱ्या सगळ्या गाड्या त्याच गल्लीतून निघतात, आणि मोबाइलवरचा नकाशा लोकांना ती वाट सुचवू लागल्यापासून तर त्यांना धरबंद उरलेला नाही. राहायला आल्यावर महिन्याभराने ते गृहस्थ माझ्या ऑफिसात आले. आवाज न चढवता त्यांनी एवढेच विचारले, “तुम्हाला माहीत नव्हतं का?” मी खोटे बोललो नव्हतो, कारण त्यांनी विचारलेच नव्हते, हा बचाव माझ्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

रहदारी म्हणजे आवाज आणि धूर एवढाच माझा तोपर्यंतचा समज होता. पुढे डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या अभ्यासाविषयी वाचले. दिसायला सारख्याच, पण दिवसाला सुमारे २ हजार, ८ हजार आणि १६ हजार गाड्या वाहणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांशी त्याने बोलणी केली होती. सर्वांत शांत रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र आणि सहाहून अधिक ओळखीचे लोक होते. सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर मित्रांचे प्रमाण ०.९ आणि ओळखीच्यांचे ३.१ होते. त्याने रहिवाशांकडून नकाशावर ‘माझे घर’ कुठवर पसरले आहे तेही काढून घेतले. शांत रस्त्यावरच्यांनी समोरच्या पदपथापर्यंतचा रस्ता आपला म्हणून दाखवला, तर वर्दळीच्या रस्त्यावरच्यांचे घर स्वतःच्या इमारतीशीच, कधी तर स्वतःच्या दाराशीच संपले. त्या कुटुंबाला मी केवळ एक गोंगाटाची संध्याकाळ विकली नव्हती, तर समोरच्या पदपथापर्यंतचा त्यांचा रस्ता परस्पर काढून घेतला होता. त्यानंतर मी प्रत्येकाला एकदा माझ्यासोबत आणि एकदा माझ्याशिवाय, संध्याकाळी, येऊन जायला सांगतो. यामुळे काही सौदे तुटतात. सांगितले तरी बरेच जण दुसऱ्यांदा येत नाहीत, तो भाग वेगळा.

एजंटावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न लोक मला तोंडावर विचारत नाहीत, पण त्याचेही उत्तर आकड्यांत उपलब्ध आहे. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींची माहिती तपासली आणि २००८ साली निष्कर्ष छापले. एजंट स्वतःचे घर विकतो तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि त्याला सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवतो. कारण सरळ आहे: तुमच्या घराला थोडी जास्त किंमत आली तर त्यातला अगदी लहानसा वाटा माझा, पण त्यासाठी करावी लागणारी धावपळ आणि वाट पाहणे बरेचसे माझे. हे वाचून मला राग आला नाही, थोडे ओशाळल्यासारखे झाले. “एवढ्यात देऊन टाका, पुढे भाव मिळेलच असं नाही” हे वाक्य मी किती वेळा आणि कोणाच्या भल्यासाठी म्हटले असेल, याचा हिशेब मी मांडलेला नाही. एवढेच म्हणता येईल की, ज्या उपनगरात मी घरे विकतो तिथेच मी राहतो. ज्याला घर विकले तो भाजीच्या रांगेत माझ्या मागे उभा असतो, आणि हा धाक परवान्यापेक्षा बराच जास्त काम करतो.

सूचनाफलकाविषयी थोडक्यात सांगतो. इमारतीत शिरताना मी पार्टीला तो वाचायला लावतो. ‘गाडी इथे लावू नये, अन्यथा कारवाई होईल’ अशी निनावी, छापील सूचना दिसली की, तिथे माणसे एकमेकांशी बोलण्याऐवजी कागद चिकटवतात असे समजावे. हाताने लिहिलेल्या, खाली नाव असलेल्या चिठ्ठ्या, मग त्या भांडणाच्या का असेनात, मला जास्त आश्वासक वाटतात.

आता किल्ल्यांकडे परत येतो. गेल्या वर्षी एक घर विक्रीला आले, पण त्याची किल्ली माझ्या खणात कधीच आली नाही. मालक परगावी गेले होते आणि किल्ली समोरच्या काकूंकडे होती. प्रत्येक वेळी पार्टी आणली की आधी काकूंची घंटा वाजवायची. त्या ओले हात पुसत येत, दाराशेजारच्या खिळ्यावरून किल्ली काढत, आणि ती माझ्या हातात न देता स्वतःच दार उघडत. दार स्वतःकडे किंचित ओढून मग किल्ली फिरवावी लागे, ते त्यांच्या हाताला बरोबर ठाऊक होते. आत गेल्यावर त्या आधी खिडक्या उघडत, आणि मग कोणी न विचारताच सांगत, “या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. माझ्याकडेही यायची.” पहिल्या दोन पार्ट्या त्या भिंतीपाशीच गळाल्या. मी मालकांना फोन करून किल्ली माझ्याकडे द्यायला सुचवले तेव्हा ते म्हणाले, “बावीस वर्षं आमची किल्ली त्यांच्याकडे आणि त्यांची आमच्याकडे होती. मी कसं मागू?”

तिसऱ्या वेळी शाळकरी मुलगा असलेले एक जोडपे आले. ओलीचे ऐकल्यावर त्या बाईंनी काकूंना विचारले, “तुमच्याकडची कशी थांबली?” मग दोघी काकूंच्या घरात गेल्या, भिंतीला हात लावून पाहून आल्या, आणि मी व तिचा नवरा रिकाम्या खोलीत एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. ओलीपायी त्यांनी किंमत थोडी पाडून मागितली, मालकांनी ती कबूल केली आणि व्यवहार जमला. ताबा देण्याच्या दिवशी काकूंनी आपल्याकडची किल्ली पुढे केली तेव्हा नव्या मालकीणबाई म्हणाल्या, “असू द्या तुमच्याकडेच.” पुढच्याच आठवड्यात त्यांनी कुलूप बदलले. त्यात गैर काही नाही. जुन्या घरात राहायला गेल्यावर आधी कुलूप बदला, हे मीच सगळ्यांना सांगतो. पण ड्रिलचा आवाज समोरच्या दारी गेला नसेल असे होणार नाही.

परवा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरचे एक घर दाखवायला गेलो होतो. काकूंचे दार उघडे होते आणि खिळ्यावर ती किल्ली तशीच होती. मी काही विचारण्याआधी त्यांनीच सांगितले, “समोरचा मुलगा काल शाळेतून लवकर आला. घरी कोणी नव्हतं. तासभर माझ्याकडेच अभ्यास करत बसला होता.” त्याला न्यायला आलेल्या आईने नव्या कुलपाची किल्ली देऊन ठेवली का, ते मी विचारले नाही. वर माझी पार्टी खोळंबली होती.