अंगठा उचलला तेव्हा

त्या शनिवारी भाचीला कोथरूडच्या आमच्या छोट्या ऑफिसात मुद्दाम बोलावून घेतलं. वय अकरा, मोबाइलवर हात पक्का बसलेला. आमच्या पळापळीच्या गेमची चौथी लेव्हल तिला लावून दिली आणि मागे उभा राहिलो. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, असं ठरवूनच.

तीन वेळा ती सुसाट सुटली आणि तिन्ही वेळा त्याच काट्यांवर आदळली. चौथ्या वेळी तिने जे केलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. अंगठा बाणावर टेकवायचा, लगेच उचलायचा. टेकवायचा, उचलायचा. लाइट गेल्यावर जिना चाचपडत उतरावा, तसं आमचं पात्र पुढे सरकत होतं. ज्या वेगासाठी आम्ही आठ महिने खपलो, तो तिने आपणहून सोडून दिला होता. आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं.

रेकॉर्डिंग लावून फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं, मोजल्या. पडदा ६४० पिक्सेल रुंद, पात्र बरोबर मध्ये, म्हणजे पुढचं दिसणार फक्त ३२०. पूर्ण वेगात एका फ्रेमला १४ पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम. काटे दिसल्यापासून आदळेपर्यंत २३ फ्रेम, जेमतेम ०.३८ सेकंद. दिसल्यावर बोट हलायलाच पाव सेकंद जातो, शिवाय उडी काट्यांच्या आधी घ्यायची. ज्याला लेव्हल पाठ आहे त्यालाच ती जमणार. आम्हाला पाठ होती, म्हणून इतके दिवस कुणाला खटकलं नाही.

पेच जुनाच आहे. १९९३च्या ‘सॉनिक सीडी’ या गेममध्ये त्यातलं पळणारं पात्र, सॉनिक, वेगात आलं की कॅमेरा पुढे सरकतो आणि समोरचं जास्त दिसतं. आम्हीही पूर्ण वेगात पात्र डावीकडे, पाव पडद्यावर आणलं. समोर ४८० पिक्सेल, म्हणजे ३४ फ्रेम मिळाल्या.

“त्यापेक्षा वेगच कमी करू या ना,” प्रोग्रॅमिंग करणारी मैत्रीण म्हणाली. मी ऐकलं नाही. मग गेम कशासाठी करायचा? काटे उचलून चढाच्या शेवटी नेले, तिथे वेग आपोआप उतरतो. सपाटीवर दोन वाटा केल्या: उडी साधली तर वरच्या पुलावरून वेग टिकतो, हुकली तर खालून लांबचा फेरा. जीव जात नाही. पळणाऱ्याचा वेग तुटला, हीच त्याला पुरेशी शिक्षा, हे माझं ठाम मत आहे.

संध्याकाळी भेळ संपवून, हात पुसून भाची पुन्हा बसली. अंगठा टेकलेलाच राहिला. पुलापाशी उडी हुकली, ती खाली पडली. मी श्वास रोखला.

“मला दिसलं होतं रे मामा, मीच उशिरा उडी मारली,” असं म्हणत तिने लेव्हल पहिल्यापासून लावलीसुद्धा.