तुम्ही विचारलंत म्हणून: रोटी एकेकच का?

"हॉटेलात गेलं की तुम्ही रोटी एकेकच का मागवता?" हा प्रश्न मला नणंदेने विचारलाय, ऑफिसातल्या मुलींनी विचारलाय, सोसायटीच्या भिशीत विचारलाय. आणि त्याला जोडून दुसरा येतोच: "एकदम सांगून टाकलं तर काय बिघडतं?" आजवर मी "मला गरम आवडते" एवढंच म्हणत आले. तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. सगळे हसतात आणि वेटरला सांगतात, "दहा बटर रोटी, एकदमच आणा." म्हणून आता सविस्तर सांगते.

बिघडतं. तंदुरी रोटी ही ठेवायची वस्तूच नाही.

पोळी ठेवायची वस्तू आहे. कणीक तेलाचा हात लावून मळायची, मुरू द्यायची, घडी घालताना आत तेल लावायचं, तव्यावरून उतरली की फडक्यात आणि डब्यात. सकाळी केलेली घडीची पोळी दुपारी ऑफिसच्या डब्यात मऊ निघते, कारण ती तशी राहावी म्हणूनच ही सगळी रीत बसलेली आहे. तंदुरी रोटीचं सगळं उलट. तंदुराच्या आतलं तापमान ४०० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. रोटी भिंतीला चिकटते, एका अंगाने तापलेली माती, दुसऱ्या अंगाने निखाऱ्यांची धग, आणि मिनिट-दीड मिनिटात ती भाजून होते. बाहेरचा पापुद्रा कोरडा, करकरीत. आत अजून ओल. सळईने बाहेर काढली की ती ओल पापुद्र्याकडे सरकायला लागते आणि गार होता होता पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो. पाच-दहा मिनिटांत खुसखुशीत रोटी वातड होते. फॉइलमध्ये गुंडाळलीत तर वाफ आतच कोंडते आणि पापुद्रा आणखी लवकर जातो. घरी गॅसवर धरलीत तर घटकाभर मऊ पडते, ताटात येईपर्यंत पहिल्यापेक्षा चिवट. म्हणूनच मी रोटी पार्सल आणत नाही. भाजी आणते आणि घरी पोळ्या टाकते.

हे मी गव्हाच्या साध्या रोटीबद्दल बोलतेय. मैद्याचा नान जरा जास्त तग धरतो. रुमाली तर तंदुरातली नसतेच, ती उलट्या कढईवर होते.

"वेटरला किती फेऱ्या मारायला लावता!" हे ऐकून मला खरंच राग येतो. वेटर बिचारा स्वतःच विचारत असतो, "रोटी रिपीट करू?" त्यांच्याकडे ती पद्धतच आहे. पण रविवारी रात्री कर्वे रस्त्यावर हॉटेलच्या बाहेर नाव लिहून पाऊण तास उभ्या असलेल्या लोकांचं काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एकेक रोटीने जेवण लांबतं, टेबल अडतं. शिवाय मी जे खाते ते कुणीतरी त्या भट्टीशी उभं राहून केलेलं असतं. काही ठिकाणी भटारखान्याला काच असते, तिथून मी बराच वेळ बघत बसते. तो गोळा दोन्ही तळव्यांवर थापतो, कापडाच्या गद्दीवर पसरतो, पाण्याचा हात फिरवतो आणि खांद्यापर्यंत हात आत घालून भिंतीवर मारतो. मे महिन्यातसुद्धा. त्याच्या हातावर कोपरापर्यंत लव राहिलेली नसते. एकदम दहा लावून एकदम दहा काढणं त्याला सोयीचं आहे, हे मला दिसतं. तरी मी एकच मागते.

मी नेहमी अशी नव्हते. तिशीत असताना मीच म्हणायचे, सगळ्यांनी एकदम जेवायला बसावं, सगळ्यांच्या पानात सगळं वाढून झालं की मगच घास उचलावा. आपली पंगत तशीच असते ना! हॉटेलात एकाची रोटी आली, दुसऱ्याची यायचीय, एक जेवतोय, दुसरा हात आवरून बसलाय, हे मला असंस्कृत वाटायचं. त्या तिशीतल्या बाईशी मी अजूनही वाद घालते. तिला सांगते, पंगतीत सगळ्यांनी एकदम घास उचलला तरी वाढणाऱ्या बायका मागाहूनच बसायच्या. ती म्हणते, मग तू त्यांना आधी बसव, पंगत कशाला मोडतेस? ती चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

आता आईची पंचाहत्तरी. ही गोष्ट माझ्या जवळच्यांना अर्धीमुर्धी माहीत आहे. मी भावाशी भांडले, एवढीच.

आमच्या घरी आई पोळ्या तव्यावरून थेट पानात वाढायची. आधी बाबा, मग आम्ही, मग आला-गेला. ती स्वतः शेवटी बसायची आणि डब्यातली सगळ्यात खालची, घाम सुटलेली पोळी घ्यायची. बाहेर जेवायला जाणं वर्षाकाठी एखाद्या वेळी, आणि तेव्हा ती तंदुरी रोटीच मागवायची. साधी, बिनबटरची. आली की आधी बोटाने वर टकटक करून बघायची. पापुद्रा वाजला की तिचा चेहरा खुलायचा. पनीर, कोफ्ते कशात तिला रस नव्हता, पिवळी डाळ आणि ती रोटी. "दुसऱ्याच्या हातची गरम" असं म्हणायची आणि पुढे काही बोलायची नाही.

पंचाहत्तरीला भावाने एका हॉटेलचा वरचा हॉल घेतला. नाव घेत नाही, कोथरूडकडे होतं एवढं पुरे. चाळीसेक माणसं, ठरलेला मेन्यू. त्याने सगळं मनापासून केलं होतं, खर्च एकट्याने उचलला होता, हे आधी सांगते. औक्षण झालं, केक झाला, मामाचं भाषण लांबलं, आणि त्या भाषणाच्या वेळीच टेबलांवर टोपल्या आल्या. फडक्याखाली रोट्यांची चळत. मग सगळ्यांसोबत फोटो. आई जेवायला बसली तेव्हा त्या टोपल्या येऊन अर्धा तास तरी झाला होता.

आईच्या बोटांचे सांधे तेव्हा धरलेले होते. तिच्या वयाच्या बायका डावा हात पानाला लावत नाहीत. मधल्या बोटाने रोटी ताटात दाबून धरायची आणि अंगठा-तर्जनीने तुकडा मोडायचा. ताजी रोटी कडेला नुसती दाबली तरी मोडते. ही मोडेना. तिने एकदा कडेने बघितलं, मग मधून बघितलं, मग ताटाच्या कडेशी रेटून बघितलं. रोटी ताणली जात होती, सुटत नव्हती. समोर माणसं बसलेली, सत्कारमूर्ती ती. तिने रोटी हळूच ताटलीच्या कडेला सरकवली आणि वाढप्याला विचारलं, "भात आहे का हो?"

मी उठले. कॅप्टनला म्हटलं, एक साधी रोटी, फक्त एक, ताजी काढून द्या. तो म्हणाला, "मॅडम, पार्टी का ऑर्डर एकसाथ निकलता है." मी म्हटलं, वेगळे पैसे घ्या. तो खाली जाऊन विचारतो म्हणाला आणि परत आला नाही. मीच जिना उतरून भटारखान्याच्या दारापर्यंत गेले. तिथे भावाने मला गाठलं. "ताई, आज तरी नको. लोक बघतायत." मी म्हटलं, "लोक बघतायत म्हणूनच तिला रोटी मोडता आली नाही." त्यावर तो जे बोलला आणि मी जे बोलले ते लिहीत नाही. आवाज वरपर्यंत गेला होता. मी रोटी घेऊन वर आले तोवर आईचा दहीभात होत आला होता. तिने त्या रोटीचा एक तुकडा मोडला, खाल्ला आणि बाकीची नातवाच्या ताटात ठेवली.

घरी गेल्यावर ती म्हणाली, "मला भातच हवा होता गं." खरंच हवा होता की दोन्ही मुलांमध्ये मिटावं म्हणून म्हणाली, ते मी विचारलं नाही. तिला जाऊन आता काही वर्षं झाली. भाऊ त्या वाक्याचा दाखला आजही देतो. मी त्या ताटलीच्या कडेला सरकवलेल्या रोटीचा देते.

भावाचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो बिनतोड आहे. पंजाबात खेडोपाडी सामाईक तंदूर असायचे. बायका घरून कणीक घेऊन जायच्या, तिथे गप्पा मारत रोट्या लावायच्या आणि फडक्यात बांधून घरीच न्यायच्या. आणि दर्यागंजच्या मोती महाल हॉटेलचे कुंदनलाल गुजराल यांच्यासारखे लोक १९४७ नंतर पेशावरहून दिल्लीत आले, त्यांनी तंदुराला हॉटेलात मानाची जागा दिली, ती काय माझ्या एकेक रोटीसाठी? "ज्यांची रोटी आहे तेच फडक्यात बांधून नेतात, तू कोण शहाणी?" असं तो म्हणतो. मी म्हणते, दोन गल्ल्या चालत नेणं वेगळं आणि भाषण संपेपर्यंत ठेवणं वेगळं. तो म्हणतो, वेळेचाच प्रश्न असेल तर भाषण आवर म्हण, रोटीवर का घसरतेस? मामाला भाषण आवर म्हणायची हिंमत आमच्या घरात कुणाचीच नव्हती, हेही तितकंच खरं.

तर मी रोटी एकेकच मागवते. बरोबर जे कुणी ज्येष्ठ असेल त्याची आधी सांगते, ती आली की मग माझी. माझं टेबल अडतं, तुमचा खोळंबा होतो, मान्य. पुढच्या महिन्यात भावाची साठी आहे आणि त्याने या वेळी बुफे ठेवलाय, रोटीचा तंदूर हॉलमध्येच लावणार आहेत म्हणे. माझ्यासाठी लावतोय असं भावजय म्हणाली, तो तसं कबूल करत नाही. तुमच्यापैकी बरेच जण तिथे असाल. त्या तंदुरापाशी मी उभी दिसले तर काय चाललंय ते विचारू नका, ताटली घेऊन मागे उभे राहा. रोटी साधी हवी की बटर, तेवढं मात्र आधी सांगा.